गोळी खाली-डावीकडे का जायची

आमच्या गावापासून चार किलोमीटरवर, मारेगावच्या रस्त्याला, एक जिनिंग होतं. बाबा तिथे रेच्यावर होते. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र. सोळा-सतरा हंगाम बाबांनी त्या यंत्राच्या तोंडात कापूस टाकला, आणि तेवढेच हंगाम उडणारी रुई श्वासाबरोबर छातीत घेतली. मग कापसाचे वाईट दिवस आले. अळीनं बोंडं पोखरली, भाव बसले, गाड्या येईनाशा झाल्या, आणि एका दिवाळीनंतर जिनिंगचं फाटक उघडलंच नाही. काम गेलं. खोकला मात्र राहिला. बाबा ओट्यावर भिंतीला टेकून बसायचे आणि खोकल्याची उबळ आली की दोन्ही हातांनी गुडघे धरायचे, जसं काही कोणी त्यांना तिथून उचलून नेणार आहे.

घर मायच्या हातांवर आलं. ती दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जायची, आणि मीही जायचे. कॉलेजच्या तिन्ही वर्षी हंगामात सकाळी वावर, दुपारी वर्ग. कमरेची झोळी सोडायची, हात-तोंड धुवायचं, आणि एसटीच्या थांब्यावर पळायचं. अशी मी बी.ए. झाले. आमच्या सगळ्या नात्यागोत्यात, आईकडच्या आणि बापाकडच्या, कॉलेजची परीक्षा पास होणारं पहिलं माणूस मी. हे मी सांगत असते आणि पुढेही सांगणार. ज्यांच्या घरी आधीच चार पदव्या भिंतीला टांगलेल्या आहेत त्यांना ही फुशारकी वाटेल. वाटू द्या.

पोलीस भरतीत माझी निवड झाली, आणि ट्रेनिंगनंतर यवतमाळला मुख्यालयात टेलिफोनच्या टेबलावर बसवलं. सोबतच्या मुली बहुतेक शहरातल्या. कोणाचे वडील कारकून, कोणाचे मास्तर. त्यांच्या घरी शनिवार-रविवार म्हणजे पाहुणे आणि पोहे. त्या विचारायच्या, "तू दर सुट्टीला गावाला जाऊन करतेस काय गं?" मी म्हणायचे, "आराम." खरं म्हणजे हंगामात मी मायसोबत वेचणी करायचे. पण ते मी तिथे कधी बोलले नाही. पदवी घेतलेल्या, वर्दी घातलेल्या मुलीनं वावरात वाकलेलं कोणी ऐकू नये, असं मला वाटायचं. ही माझी चूक होती. ती पुढे मला कशी महागात पडली ते सांगते.

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात पाहुणे फार. मंत्री यायचे, समित्या यायच्या, कधी दिल्लीहून साहेब लोक यायचे. बांधावर उभं राहून पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाचं, झाड हातात धरायचं, फोटो काढायचा, पुढच्या गावाला जायचं. त्यांत बायकाही असायच्या. त्यामुळे त्यांच्या बंदोबस्ताला, अगदी जवळ चालायला, पिस्तूल बाळगणाऱ्या महिला पोलीस हव्यात असं वरून ठरलं. त्यासाठी पिस्तुलाची चाचणी होती. पंधरा मीटरवरून दहा गोळ्या, त्यांतल्या सात वर्तुळात. संधी तीन. ज्या पास होतील त्या मुख्यालयातच राहणार आणि त्यांना पोलीस लाइनीत दोन खोल्यांचं क्वार्टर मिळणार. बाकीच्या बदल्यांच्या यादीत. यादीत माझ्या नावापुढे उमरखेड तालुक्यातली ढाणकी होती.

ढाणकी वाईट नाही. मोठा बाजार आहे, माणसं चांगली आहेत. पण ती जिल्ह्याच्या त्या टोकाला आणि आमचं गाव या टोकाला. बाबांच्या छातीचा डॉक्टर यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात होता. गावाहून दर पंधरवड्याला एसटीनं त्यांना आणणं मायला जमत नव्हतं. दोन पायऱ्या चढल्या की बाबा बसून घ्यायचे. क्वार्टर मिळालं असतं तर दोघांना जवळ आणता आलं असतं, आणि दवाखाना तिथून रिक्षानं दहा मिनिटं. म्हणजे सात गोळ्या वर्तुळात बसल्या की बाबा माझ्याजवळ. नाही बसल्या की मी ढाणकीला आणि बाबा ओट्यावर. गोष्ट एवढी सरळ होती.

पहिल्या चाचणीत माझ्या तीन गोळ्या वर्तुळात गेल्या. दुसऱ्या चाचणीत चार. राहिलेल्या सगळ्या, दोन्ही वेळा, खाली आणि डावीकडे. कागदावर ती भोकं अशी एका जागी गोळा झाली होती की शिकवणारे हवालदार म्हणाले, "मॅडम, तिथंच वर्तुळ काढू का? मेरिटमध्ये याल."

सगळे हसले. मीही हसले, पण जेवले नाही त्या दिवशी.

हवालदारांचा दोष नव्हता. चांदमारीवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, माणसं पन्नास, पिस्तुलं चार, गोळ्या मोजून मिळायच्या. एकेकाला शिकवायला त्यांना वेळ कुठून असणार? ते मागून ओरडायचे, "श्वास रोखा! दाबा!" आणि मी श्वास रोखून दाबायचे, आणि गोळी खाली-डावीकडे.

मग मी शिक्षक शोधायला लागले. आणि माझ्या लक्षात आलं की पिस्तूल शिकवणारे यवतमाळात घरोघरी आहेत. जीपचा ड्रायव्हर म्हणाला, एक डोळा घट्ट बंद कर. टपालाचा जमादार म्हणाला, डोळा बंद करायचाच नाही, तिथेच सगळे फसतात. खाणावळीत जेवायला येणारे एक निवृत्त फौजी म्हणाले, "हात वर न्या, गोळी खाली जाते ना, मग वर मारा, हिशेब बरोबर." मी तसंही करून पाहिलं. त्या गोळ्या कुठे गेल्या ते अजून कोणाला माहीत नाही. भरतीची अकॅडमी चालवणारा एक जण भेटला. त्यानं काळा चष्मा लावला, पाय फाकवले, दोन्ही हात ताणून मला उभं राहायला शिकवलं आणि म्हणाला, "कॉन्फिडन्स! निम्मं काम कॉन्फिडन्सचं!" मी विचारलं, "सर, आणि निम्मं?" तर त्याला फोन आला.

शेवटी मी ठरवलं की पिस्तूलच खराब आहे. शस्त्रं ठेवतात त्या खोलीला आम्ही कोत म्हणतो. तिथल्या हवालदारांकडे गेले आणि म्हटलं, "साहेब, चार नंबरचं पिस्तूल डावीकडे मारतं. त्याची मख्खी वाकडी आहे." मख्खी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो उंचवटा, ज्यावरून नेम धरतात.

त्यांनी वही बंद केली. "मॅडम, दोन नंबरचं पण डावीकडेच मारत होतं ना तुमच्या हातात?"

"हो."

"मग चारही वाकडी असतील." वही बाजूला सारून ते म्हणाले, "असं करा, चाचांकडे जा. आमचे जुने आर्मरर. तीस वर्षं हेच ऐकलं त्यांनी. ज्याचा नेम चुकला तो येऊन म्हणायचा पिस्तूल खराब आहे. पिस्तूल खराब की हात खराब, हे शोधणं हेच त्यांचं काम होतं."

आर्मरर म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा माणूस. निवृत्त झाल्यावर चाचांनी बसस्टँडमागच्या गल्लीत, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत, शिलाई मशीन आणि स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. पांढरी दाढी, बनियनवर सदरा, नाकाच्या टोकावर चष्मा. मी गेले तेव्हा ते एका मशीनच्या पोटात हात घालून बसले होते.

"चाचा, मला पिस्तूल शिकायचंय."

"पिस्तूल?" त्यांनी वर पाहिलं नाही. "मी तर पिको-फॉलची मशीन नीट करून राह्यलो बेटा. बस."

मी सगळं सांगितलं. तीन चाचण्या, दोन गेलेल्या, ढाणकी, बाबा. ते ऐकत होते आणि मशीनचं चाक हातानं हळूहळू फिरवत होते. शेवटी म्हणाले, "गोळी कुठे जाते?"

"खाली-डावीकडे."

"दर वेळेस?"

"दर वेळेस."

"मग चांगलं हाय की."

"चांगलं कसं, चाचा?"

"एकच गलती हाय तुझी. ज्याची गोळी कधी वर, कधी खाली, त्याच्या दहा गलत्या असतात. मंगळवार-शुक्रवार ये. असरची नमाज झाल्यावर, पाचच्या सुमाराला. शिकवायचं मी काही घेत नाही. फक्त जे विचारीन ते खरं सांगायचं."

चाचांच्या घरामागे एक लांब, अरुंद बोळ होता, वरून उघडा. एका टोकाला त्यांनी जुनी, कापूस भरलेली जाड गादी उभी केली होती आणि तिच्यामागे फळी. गादीवर कागद. त्यांच्याकडे हवेच्या दाबावर चालणारं, छर्र्याचं एक जुनं पिस्तूल होतं. वजनाला आमच्या पिस्तुलापेक्षा थोडंच हलकं. मी उभी राहिले. नेम धरला. मारला. खाली-डावीकडे.

त्यांनी पिस्तूल घेतलं, माझ्याकडे पाठ करून भरलं, परत दिलं. मी मारला. पुन्हा पाठ करून भरलं, दिलं. असं पाच-सहा वेळा झालं. मग एकदा मी घोडा दाबला तर नुसतं 'टक्' झालं. आत छर्रा नव्हताच, दाबही भरलेला नव्हता. आणि तरीही माझ्या हातातलं पिस्तूल खाली झुकून डावीकडे गेलं. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

"पाह्यलं?" चाचा म्हणाले. "गोळी नाही, आवाज नाही, धक्का नाही. मग हात कायले हलला?"

इतके महिने मी त्या गोळ्यांच्या भोकांकडे पाहत होते. हाताकडे कोणी मला पाहायलाच सांगितलं नव्हतं.

ते जवळ आले. माझी मूठ बघितली, बोटं बघितली. "बेटा, घरी काय काम करती? म्हणजे हातानं?"

"काही नाही."

"वावराचं? कापूस-गिपूस?"

"नाही चाचा. मी ग्रॅज्युएट आहे."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "ठीक."

खरं सांगायची एकच अट होती, आणि मी पहिल्याच दिवशी खोटं बोलले. त्यांनी मग मला सगळ्यांना सांगतात तेच सांगितलं. डोळा मख्खीवर ठेव, निशाणा धूसर दिसला तर दिसू दे. घोडा ओढायचा नाही. त्याच्यावर वजन वाढवत न्यायचं, इतकं हळू की कधी सुटला ते आपल्यालाच कळू नये. हे सगळं बरोबर होतं, आणि मी मन लावून करत होते. पण तीन आठवडे गेले आणि भोकं तिथेच. चाचांचा चेहरा शांत. चाची चहा आणून द्यायची आणि कागदाकडे पाहून म्हणायची, "आज भी एकच कोपऱ्यात? चांगलं हाय, कागद तर वाचतो."

दसरा झाला. गावाला गेले. त्या दिवशी सीतादही होती. वेचणी सुरू करायच्या दिवशी बाया वावरात दहीभात ठेवतात, पूजा करतात आणि मग पहिलं बोंड वेचतात. मी दोन दिवस मायसोबत वेचलं. ज्यांनी कापूस वेचला नाही त्यांना सांगते, सुकलेल्या बोंडाच्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी असतात. नखांच्या कडेला ती बोचतात, कातडी सोलून निघते. मंगळवारी चाचांकडे गेले तेव्हा बोटं पदराआड, म्हणजे ओढणीआड धरली होती. पण पिस्तूल ओढणीआड धरता येत नाही.

चाचांनी माझा हात उजेडात धरला. रागावले नाहीत. चाचीला हाक मारली, "अगं, इकडं ये. हे पाह्य."

चाचीनं पाहिलं आणि हसली. "वेचणीचे हात हाय ना. सुरू झाली का तुमच्याकडे?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझा बाप पिंजारी होता," चाचा म्हणाले. "गाद्या भरायचा. कापसाचे हात मी लहानपणापासून पाह्यले. तू पहिल्या दिवशी मूठ धरली तेव्हाच मला वाटलं होतं. पण तू नाही म्हणाली. मी म्हटलं, असेल बापा, माझीच नजर म्हातारी झाली." त्यांनी गादीच्या कोपऱ्यातल्या उसवलेल्या शिवणीतून मूठभर कापूस काढला, एका वाटीत घट्ट दाबून बसवला आणि वाटी माझ्यापुढे धरली. "वेच."

मी वेचला. सवयीनं. पाचही बोटं एकदम आत, चिमटीत कापूस, मनगटाला हलका झटका, कापूस बाहेर.

"आता पिस्तूल धर. घोडा दाब. हळू. आणि फक्त बोटांकडे पाह्य."

मी पाहिलं. पहिलं बोट घोड्यावर मागे आलं, आणि त्याच्याबरोबर बाकीची तीनही बोटं, अंगठासुद्धा, आतमध्ये आवळली. मनगटानं हलकाच झटका दिला. पाचही बोटं एकदम. मी पिस्तुलातून कापूस वेचत होते.

इतकं हसू आलं मला. आणि रडूही, थोडं. कॉलेजच्या तीन वर्षांत रोज हजार वेळा जे हातांनी केलं तेच ते करत होते. त्यांना दुसरं कोणी शिकवलंच नव्हतं.

"पण चाचा, मी ग्रॅज्युएट..."

"ग्रॅज्युएट डोकं झालं बेटा. हात अजून वावरातच हाय. त्यात लाज कायची? तू पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर तीन आठवडे वाचले असते."

त्या दिवसापासून खरी शिकवणी सुरू झाली. चाचांनी काड्यांची एक रिकामी पेटी माझ्या तळहातात ठेवली. मधलं बोट, अनामिका आणि करंगळीनं ती धरायची, इतपत की पडू नये. आणि पहिलं बोट एकटं हळूहळू वाकवायचं. पेटी चुरगळता कामा नये, बस. ऐकायला पोरखेळ. पहिल्या दिवशी मी सात पेट्या चुरगळल्या. ड्युटीवर टेलिफोनच्या टेबलाखाली उजवा हात आणि त्यात पेटी. वरून "हॅलो, मुख्यालय", खाली 'करकर'. पानठेल्यावरून मी रिकाम्या पेट्या मागून आणायचे. ठेलेवाला म्हणाला, "मॅडम, बिडी सोडा आता." मी पेट्या पिशवीत टाकल्या. समजावून सांगायला गेले असते तर त्यालाही पिस्तूल शिकवायचं असतंच. चाची म्हणायची, "या पोरीनं माझ्या घरची माचिस खाल्ली." पंधरा दिवसांनी एक पेटी दोन दिवस टिकली. महिन्यानं आठवडाभर.

पण चाचांनी दुसरी एक अट घातली, आणि ती अवघड होती. "चाचणी होईपर्यंत उजव्या हातानं कापूस वेचायचा नाही. इथे चार दिवस शिकवतो, तिथे दोन दिवसांत पुसून येते."

गावाला गेल्यावर हे मायला कसं सांगायचं? वेचणी करणार नाही असं मी म्हणू शकत नव्हते. हंगाम ऐन भरात होता आणि तिचे गुडघे दुखत होते. शेवटी मी झोळी बांधली, उजवा हात ओढणीत गुंडाळून कमरेला खोचला आणि डाव्या हातानं सुरू झाले.

माय दोन ओळी पुढे गेली आणि मागे वळून पाहिलं. "काय व, हाताले का झालं?"

"काही नाही. याले आराम हाय."

"आराम? उजव्या हाताले? मंग मी पन एका पायाले आराम देऊ का?"

शेजारच्या ओळीतल्या बाया खिदळायला लागल्या. एक म्हणाली, "पोलिसात गेल्यावर उजवा हात सलामालेच लागते, कामाले नाही."

मी तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. पिस्तूल, पेटी, चाचा, सगळं. मोठ्यानं, सगळ्या बायांना ऐकू जाईल असं. मायनं झोळी सावरली. दोन बोंडं वेचली. मग म्हणाली, "म्हंजे मी शिकवलेलं तिथं आडवं येऊन राह्यलं?"

"तसं नाही माय."

"तसंच हाय. बरं हाय." तिचा हात थांबला नव्हता. "तुह्या बाबाले जवय न्यायचं हाय ना? मंग याच्यापुढं डाव्याच हातानं वेच. जेवढा होईन तेवढा. अन् उजव्या हातानं बोंडाले शिवली तर याद राख."

त्या हंगामात मी डाव्या हातानं जेवढं वेचलं ते पाहून बायांनी मला डावखोरी नाव ठेवलं. ओळीत मी शेवटची असायचे. पण एक गोष्ट झाली. सोमवारी टेलिफोनच्या टेबलावर सोबतच्या मुलीनं विचारलं, "काय केलंस गं सुट्टीत?" तर मी म्हटलं, "कापूस वेचला. डाव्या हातानं." ती म्हणाली, "अय्या, खरंच? अवघड असतं का?" तिनं एवढंच विचारलं. मी ज्याला वर्षभर घाबरत होते ते एवढंच होतं.

मार्गशीर्ष संपता संपता बोळातल्या कागदावरची भोकं जागा सोडायला लागली. आधी वर सरकली, मग हळूहळू उजवीकडे, मध्याकडे. एका शुक्रवारी दहाच्या दहा छर्रे बशीएवढ्या जागेत बसले. चाचांनी कागद काढला, उजेडात धरला, घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. शाबासकी म्हणून एवढंच. मग म्हणाले, "आता ऐक. चांदमारीवर आवाज होईल, धक्का बसेल, मागून लोक ओरडतील. एखादी गोळी खाली-डावीकडे जाईलच. जाऊ दे. तुले आता माहीत हाय ती काहून गेली. ज्याले आपली गलती नावानिशी माहीत हाय, त्याले घाबरायचं कारण नाही."

तिसरी चाचणी संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, सकाळी. टेकडीच्या पोटाशी आमची चांदमारी. थंडी होती. आठ जणी होतो. माझ्या आधीच्या दोघींपैकी एक पास झाली, एक दोन गोळ्यांनी राहिली. माझं नाव पुकारलं. हवालदारांनी पिस्तूल हातात दिलं आणि हळूच म्हणाले, "चार नंबरचं आहे, चालेल ना?"

"चालेल."

पहिल्या दोन गोळ्या मी मारल्या आणि त्या कुठे गेल्या ते मला घोडा सुटतानाच कळलं. बरोबर. तिसरीला मागून कोणीतरी जोरात खोकलं. माहीत नाही कोण. पण तो खोकला बाबांसारखा होता. पाचही बोटं एकदम आवळली. मला कागदाकडे पाहायची गरज नव्हती. गोळी कुठे गेली असेल ते मी तिथे उभ्या उभ्या सांगू शकले असते.

पिस्तूल खाली, टेबलाकडे केलं. वेळ होता, घाई कोणी केली नव्हती. मी तीन बोटं एकेक करून सैल केली. तळहातात पेटी आहे असं धरलं. तिला चुरगळायचं नाही. मख्खी स्वच्छ, कागद धूसर. पहिलं बोट एकटं. चौथी गोळी सुटली तेव्हा मी स्वतःच दचकले, आणि तसंच व्हायला हवं होतं. मग पाचवी, सहावी. हवालदार मागून ओरडलेच, "श्वास रोखा! दाबा!" पण ते आता मला दूरच्या रस्त्यावरून गाडी जावी तसं ऐकू येत होतं. दहावी झाली. पिस्तूल रिकामं करून दाखवलं, टेबलावर ठेवलं आणि मागे सरकले.

हवालदार कागदापर्यंत चालत गेले. वाकून पाहिलं. बोट ठेवून मोजलं. परत येताना त्यांचा चेहरा वाचता येईना.

"मॅडम, ही खाली-डावीकडची एक काय आहे?"

"ती माझी आहे, साहेब. तिसरी."

"आणि या बाकीच्या कोणाच्या?"

"त्याही माझ्याच."

ते हसले आणि वहीत लिहिलं. दहापैकी नऊ.

संध्याकाळी चाचांच्या दुकानात गेले. ते एका स्टोव्हचा बर्नर खरवडत होते. मी सांगितलं. ते म्हणाले, "एक कुठे गेली?" मी म्हटलं, "तिसरी, खाली-डावीकडे. खोकला ऐकला." त्यांनी मान हलवली, म्हणाले, "ठीक," आणि चाचीला चहा टाकायला सांगितलं.

मी नंतर पुष्कळ शिक्षक पाहिले. काही स्वतः फार उत्तम मारायचे. पण चाचांसारखे चाचाच. ते आधी विचारायचे, मग बघायचे, आणि मगच बोलायचे. आणि जे बोलायचे ते फक्त माझ्या हाताबद्दल असायचं, सगळ्या जगाच्या हातांबद्दल नाही.

महिन्याभरात ऑर्डर निघाली. ढाणकीच्या यादीतून माझं नाव कमी झालं आणि बंदोबस्ताच्या पथकात आलं. फाल्गुनात लाइनीतलं क्वार्टर मिळालं, आणि होळीच्या आधी मी माय-बाबांना तिथे आणलं. बाबांचा इलाज दर आठवड्याला होऊ लागला. पथकात मी चार वर्षं कमरेला पिस्तूल लावून चालले आणि एकदाही ते चालवावं लागलं नाही. आज त्याच चांदमारीवर नव्या मुलींना पिस्तूल मी शिकवते.